कासेतला जंतू आणि अंदाजाचं औषध

शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या कुठल्याही गावच्या दूध संकलन केंद्रावर सकाळी उभं राहिलं, की एक यंत्र अखंड चाललेलं दिसतं. कॅनमधलं थोडं दूध काढायचं, यंत्राच्या नळीखाली धरायचं, की मिनिटभरात पडद्यावर आकडे उमटतात. फॅट इतकं, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक) इतकं. 3.5 आणि 8.5 बसलं तर पूर्ण भाव, खाली घसरलं तर पॉइंटामागे कपात. 2024 मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपयांचं अनुदान दिलं, तेही याच दोन आकड्यांना बांधून. चिठ्ठी खिशात घालून शेतकरी मोटरसायकलला किक मारतो. त्या चिठ्ठीवर गायीच्या कासेविषयी एक अक्षर नसतं.

खरं तर असतं, पण ते वाचायची आपल्याला सवय नाही. ‘चार दिवस झाले, एसएनएफच बसंना’ ही तक्रार केंद्रावर रोज ऐकू येते. मग दोष जातो मुरघासाला, उसाच्या वाढ्यांना, खनिज मिश्रणाच्या पिशवीला. पुष्कळदा चूक चाऱ्याची असतेही. पण कासेत जंतू शिरला की दूध तयार करणाऱ्या पेशी मंदावतात, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज घटतं, रक्तातले क्षार दुधात पाझरतात आणि दूध किंचित खारट लागतं. लॅक्टोज घटलं की एसएनएफ घसरलंच. दूध दिसायला पांढरंशुभ्र, गाय रवंथ करतेय, कास मऊ. तरी एका सडात दुखणं ठाण मांडून बसलेलं असतं. याला सुप्त कासदाह म्हणतात. निरोगी गायीच्या दुधात एका मिलिलिटरमागे पांढऱ्या पेशी साधारण दोन लाखांच्या आत असतात. त्याहून वर गेल्या की आत लढाई चालू आहे असं समजायचं. ही मोजणी आपल्या भावपत्रकात नाही आणि या लेखातला बराचसा गुंता तिथूनच सुरू होतो.

सुप्त दुखणं उघड व्हायला एखादी पावसाळी रात्र पुरते. ‘डॉक्टर, कास दगडावानी झालीया, दुधात गाठी येत्यात’ असा फोन जातो. दगडी झाली हे सांगायला शेतकऱ्याला पुस्तक लागत नाही. धार काढताना गाय लाथ झाडते, एक सड गरम आणि ताठ असतो, पहिल्या पिळीला पिवळट पाणी किंवा ताकासारख्या कवड्या येतात. डॉक्टर येतात, ताप बघतात, शिरेतून एक इंजेक्शन, सुजेचं एक, आणि सडात सोडायच्या तीन-चार ट्यूबा हातावर ठेवतात. कुठलं प्रतिजैविक द्यायचं ते ठरतं अनुभवावर. मागच्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवर काय चाललं, मेडिकलमध्ये काय शिल्लक आहे, मागच्या खेपेला याच गायीला काय दिलं होतं. कासेत नेमका कुठला जंतू आहे आणि तो कुठल्या औषधाला दाद देतो, हे त्या क्षणी गोठ्यात कुणालाच माहीत नसतं. डॉक्टरांना नाही, मालकाला नाही.

यात डॉक्टरांवर तोंडसुख घेण्यात अर्थ नाही. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटरच्या घेऱ्यात फिरणारा माणूस तापाने फणफणलेली गाय समोर असताना ‘नमुना पुण्याला पाठवू, परवा बघू’ असं म्हणू शकत नाही. म्हटलं तर शेतकरी दुसऱ्या डॉक्टरला फोन लावेल. मग पहिल्याच दिवशी सगळ्यात जहाल औषध मारायचं, म्हणजे गुण येतो आणि गिऱ्हाईकही टिकतं. अंदाजाचं औषध असं हळूहळू रुळत जातं. आधी स्ट्रेप्टोपेनिसिलिन, मग अमॉक्सिसिलिन-क्लॉक्सॅसिलिन, मग एन्रोफ्लॉक्सॅसिन, आणि आता माणसांच्या आयसीयूत दिलं जाणारं सेफ्ट्रायॅक्झोन थेट गोठ्यात. पाच वर्षांपूर्वी जे शेवटचं हत्यार होतं ते आज पहिलं झालंय.

या गोष्टीची दोन टोकं पुणे जिल्ह्यातच आहेत, आणि ती एकमेकांपासून फार लांब नाहीत. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तिथे देशी पेनिसिलिन तयार होऊ लागलं आणि सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. दुसरं टोक दौंडच्या वेशीवर, उरुळी कांचनला. मणिभाई देसाई या गावी आले ते 1946 मध्ये, गांधीजींच्या निसर्गोपचार आश्रमासाठी. पुढे 1967 मध्ये त्यांनी बाएफ ही संस्था उभी केली आणि गोठवलेल्या रेतमात्रांतून होलस्टीन व जर्सीचं रक्त इथल्या गोठ्यांत आणलं. खिलार गाय चार लिटरवर थांबायची, संकरित गाय पंधरा-वीसवर गेली. घोड आणि चासकमान धरणांचं पाणी आलं, ऊस आला, चारा झाला आणि शिरूरच्या कोरडवाहू पूर्व भागातही दुधाचा पगार सुरू झाला. गंमत अशी की निसर्गोपचाराच्या गावातून निघालेली ही गाय सुईशिवाय राहीना. यात मणिभाईंचा दोष काढणं चुकीचं आहे. ज्या घरात पूर्वी चैत्रात रोख पैसा दिसत नसे, तिथे दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येऊ लागलं हे त्यांचं काम. पण मोठी, ओघळलेली कास, सडाची रुंद झालेली वाट आणि चिखलातला गोठा हे तिन्ही एकत्र आले की दगडी ठरलेली. स्वस्त औषध आणि जादा दूध यांची गाठ गोठ्यात पडली.

जंतूंना मात्र पेनिसिलिनची ओळख माणसाच्या आधीपासून होती. हे औषध माणसाला रीतसर मिळू लागण्यापूर्वीच, 1940 मध्ये, ऑक्सफर्डच्या एब्रॅहम आणि चेन यांनी दाखवून दिलं की काही जिवाणू पेनिसिलिन तोडणारं एक विकर तयार करतात. हे विकर म्हणजे जंतूच्या हातातली कात्री. औषधाच्या रेणूत एक ठरावीक कडी असते, ती कापली की औषध निकामी. 1945 मध्ये नोबेल स्वीकारताना पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगनेही कमी मात्रेत पेनिसिलिन वापरून जंतू निर्ढावतील असा इशारा दिला होता. मग ही कात्री चालू नये म्हणून मेथिसिलिन आलं. 1961 मध्ये त्यालाही न जुमानणारा स्टेफिलोकॉकस ऑरियस इंग्लंडच्या रुग्णालयात सापडला. अशा जंतूने औषध कापायची मेहनतच सोडली होती. ज्या प्रथिनावर औषध बसायचं ते प्रथिनच त्याने बदलून टाकलं. आणि हा मेथिसिलिनला दाद न देणारा जंतू जनावरांत पहिल्यांदा नोंदला गेला तो 1972 मध्ये बेल्जियममध्ये, दगडी झालेल्या गायींच्या दुधात. जवळपास चाळीस वर्षांनी, 2011 मध्ये, ब्रिटनमधल्या गायींच्या दुधातच याच जंतूत प्रतिरोधाचं एक नवं जनुक सापडलं. नेहमीच्या जनुकीय तपासणीत ते दिसतच नव्हतं. दगडीचा आणि औषध-प्रतिरोधाचा इतिहास असा पहिल्यापासून एकमेकांत गुंतलेला आहे.

कात्री आणि बदललेलं प्रथिन याखेरीज जंतूंकडे आणखी युक्त्या आहेत. काही जंतू पेशीत शिरलेलं औषध पंपाने बाहेर फेकतात. काही आपलं प्रतिरोधाचं जनुक एका सुट्या गोल डीएनएवर ठेवतात आणि ते शेजारच्या जंतूला, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतात. शेणातला ई. कोलाय आणि क्लेबसिएला यात पटाईत. म्हणून एका गायीच्या आतड्यात तयार झालेला प्रतिरोध शेणातून, माशीतून, पाण्याच्या बादलीतून पसरत जातो.

यापलीकडे एक गोष्ट आहे जी प्रयोगशाळेच्या अहवालात येत नाही, आणि शेतकऱ्याला नेमकी तीच छळते. अहवालात औषध चालतं असं असतं, गोठ्यात ते चालत नाही. स्टेफिलोकॉकस ऑरियस कासेच्या आत चिकट थर करून राहतो, गाठीत दडतो, गायीच्याच पेशींच्या पोटात शिरतो. तिथवर औषध पुरेसं पोचत नाही. तीन दिवसांत दूध स्वच्छ दिसू लागतं, कॅनमध्ये ओतलं जातं आणि पंधरा दिवसांनी तोच सड पुन्हा सुजतो. मग पुन्हा इंजेक्शन, या वेळी वरच्या दर्जाचं. अशी गाय वर्षात चार-पाच वेळा औषध खाते आणि दर खेपेला आतल्या जंतूंमधले निर्ढावलेले तेवढे मागे उरतात. दूध स्वच्छ झालं म्हणजे जंतू गेला असं नसतं. हे सांगून पटत नाही, कारण डोळ्यांना जे दिसतं ते वेगळं असतं.

अशा जुनाट गायीचं काय करायचं? परदेशातला सल्ला सरळ आहे, कळपातून काढा. आपल्याकडे गोहत्याबंदीचा कायदा 1976 चा, 2015 मध्ये बैलही त्यात आले. त्यामुळे सड गेलेली गाय जाते ती काष्टीच्या किंवा चाकणच्या बाजाराला. तिथे ती ‘दुसऱ्या वेताची, तीन सडांवर चालू’ म्हणून दुसऱ्या शेतकऱ्याच्या दावणीला बांधली जाते. सोबत जंतूही जातो. कायद्याच्या बाजूने बोला की विरोधात, हा प्रवास दोन्हीकडच्या चर्चेत येत नाही. भीमा ओलांडून नवा गोठा उभारणाऱ्या तरुणाला स्वस्तात गाय मिळाली याचा आनंद महिनाभर टिकतो.

आता दुधाकडे. औषध दिलेल्या गायीचं दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, हे बाटलीवर छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर 2012 पासूनच्या नियमाप्रमाणे दुधासाठी किमान सात दिवस धरायचे. हिशेब करून बघा. पंधरा लिटरची गाय, सात दिवस, 105 लिटर. तीस रुपयांनी धरलं तरी 3,150 रुपये गटारात, डॉक्टर-औषधाचा खर्च वेगळा. ज्याच्या दावणीला तीनच गायी आहेत त्याला हे परवडत नाही. मग आजारी सडाचं दूध वेगळं काढून बाकी तीन सडांचं डेअरीला जातं. औषध शिरेतून दिलेलं असलं तर ते चारही सडांत उतरतं हे माहीत असूनही. फेकायचं म्हणून बाजूला काढलेलं दूध वासराला पाजलं जातं आणि वासराच्या आतड्यात प्रतिरोधी जंतूंची पहिली पेरणी होते.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून 6,432 दूध नमुने तपासले. त्यातल्या 77 नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त होते. टक्क्यात सव्वा टक्क्याहून कमी, पण अशा नमुन्यांच्या राज्यवार यादीत महाराष्ट्र वरच्या तिघांत होता. मोठ्या डेअऱ्या टँकर आत घेण्याआधी पट्टीची चाचणी करतात ती ग्राहकाच्या काळजीपोटी, आणि तितकीच स्वतःच्या धंद्यापोटी. औषधाचा अंश असलेल्या दुधात विरजणाचे जंतू मरतात, दही लागत नाही, चीज बिघडतं. घरात कधी चांगल्या विरजणानेही दही धरलं नाही तर शंका घ्यायला जागा आहे, एवढंच. दूध उकळून पिणाऱ्या पुणेकराने घाबरून जायचं कारण मला दिसत नाही. उकळण्याने जंतू मरतात, निर्ढावलेलेही. औषधाचा अंश मात्र उकळून फारसा जात नाही. खरा धोका आहे तो रोज त्या कासेला हात लावणाऱ्यांना, शेण भरणाऱ्या बाईला, गोठ्यात खेळणाऱ्या पोराला. एन्रोफ्लॉक्सॅसिनचं गायीच्या शरीरात सिप्रोफ्लॉक्सॅसिन होतं, जे माणसाला लघवीच्या संसर्गावर देतात. सेफ्ट्रायॅक्झोन तर दोघांचं एकच. तेव्हा गोठ्यात जे औषध बोथट होतं ते गावच्या दवाखान्यातही बोथट होतं. 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट औषध-प्रतिरोधी जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मधल्या मोठ्या अभ्यासाने मांडला आहे.

कायदे नाहीत असं नाही. कोलिस्टिन हे शेवटच्या फळीचं औषध अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत वापरायला 2019 च्या जुलैत बंदी आली. सेफ्ट्रायॅक्झोनसारखी औषधं 2014 पासून एच-1 अनुसूचीत आहेत, म्हणजे चिठ्ठी हवी आणि दुकानदाराने नोंदवही ठेवायला हवी. प्रत्यक्षात काउंटरवर फोटो दाखवला तरी कुपी मिळते हे सगळ्यांना माहीत आहे. नेदरलँड्सने 2009 नंतर दहा-बारा वर्षांत जनावरांतल्या प्रतिजैविकांची विक्री सत्तर टक्क्यांहून अधिक खाली आणली. त्यांनी प्रत्येक गोठ्याचा औषधाचा हिशेब मांडला, आणि गाय आटवताना सरसकट सगळ्यांच्या सडांत ट्यूब सोडण्याची पद्धत बंद केली. आता ज्या गायीच्या पेशी वाढलेल्या तिलाच ट्यूब. हे त्यांना जमलं कारण तिथे पेशींची मोजणी नेहमीचीच. युरोपात मिलिलिटरला चार लाखांवर पेशी असलेलं दूध चालत नाही. आपल्याकडे डेअरीने चिठ्ठीवर फॅट-एसएनएफच्या शेजारी पेशींचा तिसरा आकडा छापला आणि त्याला रुपया-दोन रुपये जोडले, तर शंभर जनजागृती मेळाव्यांनी होणार नाही ते काम होईल असं मला वाटतं. शेतकरी ज्या आकड्याचे पैसे मिळतात तो आकडा फार चटकन शिकतो. फॅटचं त्याने तसंच केलं.

तोवर गोठ्यात करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं फुकट आहे. कपडे धुण्याची पावडर लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम विरघळवायची. चार वाट्यांत चार सडांचं थोडं थोडं दूध घ्यायचं, तेवढंच हे पाणी ओतायचं आणि वाटी गोल फिरवायची. निरोगी सडाचं दूध पाण्यासारखं पातळ राहतं. दुखऱ्या सडाच्या दुधात पांढऱ्या पेशी जास्त, साबणाने त्या फुटतात, त्यांचा डीएनए बाहेर येतो आणि वाटीत शेंबडासारखी तार धरते. कॅलिफोर्नियात 1957 मध्ये निघालेल्या चाचणीचं हे आपलं गावठी रूप. पंधरा दिवसांतून एकदा केलं तर दगडी उमटण्याआधी कळते.

धार काढून झाली की सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास उघडं राहतं. त्या वेळात गाय शेणात बसली की जंतूला आयती वाट. म्हणून धारेनंतर लगेच वैरण टाकायची, म्हणजे ती उभी राहते. सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे. सगळ्या गायींना एकच फडकं फिरवायचं नाही. दुखणाईत गायीची धार सगळ्यात शेवटी. अंगठा मुडपून सड ओढायची सवय सोडून मुठीने धार काढायची. मुक्त संचार गोठे या भागात वाढताहेत ते चांगलंच, पण पावसाळ्यात त्यांतला कोपरा कोरडा राहिला तरच.

कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम आणि चुना 15 ग्रॅम एकत्र वाटून कासेला दिवसातून अनेकदा लेप लावायचा, हा उपाय राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ बऱ्याच वर्षांपासून सांगतं. याची काही जण टर उडवतात, काही जण यालाच रामबाण मानतात. गाय ताप घेऊन पडली असेल तर लेपावर विसंबणं धोक्याचं. पण गाय खातेय, नुसत्या कवड्या येताहेत, अशा वेळी दुधाचा अहवाल येईपर्यंतचे एक-दोन दिवस काढायला तो उत्तम. ई. कोलायच्या सौम्य दगडीत गायीचं शरीर स्वतःच जंतू साफ करतं. आणि प्रयोगशाळेत पाठवलेल्या बऱ्याच नमुन्यांत काहीच उगवत नाही, म्हणजे बहुधा औषधाची गरजच नसते.

हा अहवाल काही अशक्य गोष्ट नाही. औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि फिरत्या पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. नमुना मात्र नीट घ्यावा लागतो, आणि पहिलं इंजेक्शन टोचण्याआधी. सड धुऊन कोरडा करायचा, टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, पहिल्या तीन-चार पिळ्या सोडून द्यायच्या. निर्जंतुक बाटली आडवी धरून आठ-दहा मिली दूध घ्यायचं, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही. गायीचा बिल्ला क्रमांक आणि कुठला सड ते बाटलीवर लिहून बर्फात ठेवायची. दुधाची गाडी रोज पुण्याकडे जातेच. प्रयोगशाळेत ते दूध ताटलीतल्या पोषक थरावर पसरतात. दुसऱ्या दिवशी उगवलेले जंतू नव्या ताटलीवर पसरून त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवतात. तिसऱ्या दिवशी ज्या चकतीभोवती स्वच्छ गोल पडलेला असतो ते औषध चालणारं, आणि जिच्या कडेपर्यंत जंतू भिडलेले ते वाया. तो कागद गाय बरी झाल्यावर फाडून टाकायचा नसतो. गोठ्याच्या खांबाला अडकवून ठेवला तर पुढच्या दगडीला डॉक्टरांना अंदाजाऐवजी काहीतरी हाताशी राहतं, कारण एका दावणीतल्या गायींचे चिवट जंतू पुष्कळदा एकाच घराण्यातले निघतात.